खाकीतली पेन्शन : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

निवृत्तिवेतनाच्या सुधारित, म्हणजे ठरावीक रकमेची हमी देणाऱ्या, योजनांविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांपैकी पोलिसांशी संबंधित पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रे नागपूर शहर आणि ग्रामीण भागातून आलेली असून जवळपास प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘कृपया नाव छापू नये’ अशी ओळ आहे. नावे वगळली आहेत. ही विनंती इतक्या जणांनी का केली असावी, याचा उलगडा पहिल्याच उत्तरात होईल.

प्रश्न : मी मानेवाडा भागात राहणारी शिक्षिका आहे. हिवाळी अधिवेशनाच्या काळात जुन्या पेन्शनसाठी निघालेल्या मोर्चात मी सहभागी झाले होते. आम्हाला अडवण्यासाठी उभे असलेले पोलीसही नव्याच पेन्शनचे, असे आमच्यातले काही जण म्हणत होते. मग ते आमच्या बाजूने कधी बोलत का नाहीत? या सुधारणेविषयी त्यांचे स्वतःचे मत तरी काय आहे?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर दाखल झालेल्या कर्मचाऱ्यांना १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांऐवजी अंशदानाची, म्हणजे पगारातून दरमहा कपात करून खात्यात रक्कम जमवण्याची, योजना लागू झाली. पोलिसांना यातून वगळले गेले नाही. त्यामुळे आज बंदोबस्ताच्या पहिल्या रांगेत जे तरुण अंमलदार दिसतात, ते जवळपास सगळे नव्या योजनेतले असतात, तर त्यांच्या मागे उभा असलेला, निवृत्तीला दोन-चार वर्षे उरलेला श्रेणी उपनिरीक्षक बहुधा जुन्या योजनेतला असतो. मॉरिस कॉलेज टी पॉइंटला लोखंडी कठड्याच्या एका बाजूला ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेल्या पांढऱ्या टोप्या आणि दुसऱ्या बाजूला हातात लाठी घेतलेला, दरमहा तीच कपात सोसणारा शिपाई, हे दृश्य अधिवेशनाचा बंदोबस्त पाहिलेल्या कोणाही नागपूरकराच्या ओळखीचे आहे. मोर्चातला ओळखीचा ग्रामसेवक किंवा शाळेतले गुरुजी दिसले, तर कठड्यावरूनच दबक्या आवाजात ‘आमचंही बोला जी’ असे सांगितले जाते. एरवी त्या रांगेत शांतता असते.

ही शांतता कायद्याने घडवलेली आहे. राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदानुसार सशस्त्र दले आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. त्याच आधारावर १९६६ मध्ये पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. पूर्वपरवानगीशिवाय कामगार संघटनेचे सदस्य होणे किंवा वृत्तपत्रांशी बोलणे पोलिसाला त्या कायद्याने मना आहे. महाराष्ट्रात एकेकाळी पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना होती, परंतु १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलिसांच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले आणि संघटनेचा अध्याय तिथेच संपला. दलातल्या जुन्या माणसांच्या मनातून ते वर्ष अजून गेलेले नाही. मार्च २०२३ मध्ये, १४ ते २० तारखेपर्यंत, राज्यभरातले शासकीय कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा पोलीस कामावर होते. संप मिटवताना जी समिती नेमली गेली, तिच्यापुढे आपली बाजू मांडायला पोलिसांची स्वतःची संघटना नव्हती. इतरांना जे मिळेल ते आपोआप आपल्यालाही मिळेल, एवढ्याच आशेवर त्यांना राहावे लागले.

मताविषयी सांगायचे तर पोलिसांचे एकमुखी मत असे काही नाही. अनेक वर्षे वेतन आणि लेख्यांच्या कामात गेल्यामुळे मला जे ऐकायला मिळत आले, त्यावरून तीन थर दिसतात. २००५ पूर्वीचे लोक या चर्चेपासून अलिप्त असतात, मात्र मुलगा किंवा सून दलात असेल तर अलिप्तता संपते. अधिकारी वर्गातल्या काहींना, विशेषतः लवकर सेवेत आलेल्या आणि पगार चांगला असलेल्यांना, खात्यावर जमणारी मोठी रक्कम आकर्षक वाटते आणि ‘हमी नको, पैसा आमच्या नावावर असू द्या’ असे ते खासगीत म्हणतात. शिपाई, हवालदार आणि सहायक उपनिरीक्षक यांचा कल मात्र स्पष्टपणे हमीकडे आहे. दलात याच वर्गाची संख्या सर्वांत मोठी असल्याने ‘पोलिसांचे मत’ म्हणून जे ऐकू येते ते मुख्यतः यांचे असते. हमी हवीच, पण ती सुधारित योजनेत नेमकी किती आणि कोणत्या अटींवर मिळणार, याविषयी त्यांना शंका आहेत. पुढच्या पत्रांत त्याच शंका वेगवेगळ्या रूपांत आल्या आहेत.

प्रश्न : माझे पती २०१० च्या भरतीतले पोलीस शिपाई, आता हवालदार आहेत. आम्ही पोलीस लाइन टाकळी येथे राहतो. घरी रोज हाच विषय असतो. कोणी म्हणते केंद्राची एकीकृत योजना चांगली, कोणी म्हणते राज्याची सुधारित योजना, तर त्यांचे एक वरिष्ठ म्हणतात आहे तीच राहू द्या. पन्नास टक्के पेन्शन मिळणार असेल तर जुन्या पेन्शनमध्ये आणि यात फरक काय राहिला, हे समजावून सांगाल का?

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नातले ‘पन्नास टक्के’ हेच शब्द सर्वाधिक गोंधळ करणारे आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मार्च २०२४ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी राज्याच्या सुधारित योजनेची घोषणा केली. शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन, त्यावर महागाईवाढ आणि पश्चात कुटुंबाला त्या निवृत्तिवेतनाच्या ६० टक्के, असे तिचे सूत्र आहे. त्यानंतर २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. केंद्राच्या योजनेत २५ वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के रकमेची हमी आहे. सेवा त्याहून कमी असेल तर त्या प्रमाणात रक्कम मिळते आणि किमान १० वर्षे सेवा असलेल्याला दरमहा १०,००० रुपयांच्या खाली जावे लागत नाही.

आता फरक पाहू. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेतो. एक अंमलदार ३० वर्षे सेवा करून निवृत्त होताना त्याचे मूळ वेतन ६०,००० रुपये आहे आणि महागाई भत्ता ५० टक्के आहे, असे धरा. जुन्या नियमांनी त्याला ३०,००० रुपये निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाईवाढ मिळाली असती. नव्या हमीच्या योजनेतही आकडा साधारण तोच येतो. परंतु जुन्या योजनेतल्या माणसाच्या पगारातून निवृत्तिवेतनासाठी एक रुपयाही कापला गेला नव्हता. भविष्य निर्वाह निधीत त्याने जे टाकले, ते व्याजासह त्याचेच राहिले. शिवाय निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग अंशराशीकरणाने एकरकमी उचलायची सोय होती. नव्या योजनेत मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १० टक्के कपात सुरूच राहते. वरच्या उदाहरणात शेवटच्या महिन्यात ती ९,००० रुपये होईल. हमी घेतली की त्या कपातीतून जमलेली रक्कम हमीच्या बदल्यात शासनाच्या निधीकडे जाते. हातात येणारी एकरकमी रक्कम केंद्राच्या सूत्राप्रमाणे प्रत्येक पूर्ण सहा महिन्यांच्या सेवेमागे मासिक वेतन व महागाई भत्त्याच्या एक दशांश इतकी असते. तीस वर्षांची साठ सहामाही धरली तर ती सहा महिन्यांच्या पगाराएवढी, म्हणजे या उदाहरणात ५ लाख ४० हजार रुपये होते. उपदान (ग्रॅच्युइटी) वेगळे मिळते.

आणि ‘आहे तीच राहू द्या’ म्हणणाऱ्या वरिष्ठांचे गणित असे असते. समजा निवृत्तीच्या वेळी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेच्या (एनपीएस), म्हणजे सध्याच्या अंशदानाच्या योजनेच्या, खात्यात ५० लाख रुपये जमले. शासकीय कर्मचाऱ्याला त्यातल्या किमान ४० टक्के रकमेची वार्षिकी (एकरकमी पैसे भरून दरमहा ठरावीक रक्कम देणारी योजना) घ्यावीच लागते. उरलेले ६० टक्के, म्हणजे ३० लाख, करमुक्त हातात येतात. वार्षिकीचा दर ६ टक्के धरला तर २० लाखांवर दरमहा १०,००० रुपये मिळतील आणि ३० लाख तशाच दराने गुंतवले तर आणखी १५,०००. एकूण २५,००० रुपये झाले आणि ३० लाखांची मूळ रक्कम मुलाबाळांना राहिली. वरवर पाहता हे वाईट नाही. परंतु वार्षिकीवर महागाईवाढ नसते. निवृत्तीच्या दिवशी मिळणारे १०,००० पंधरा वर्षांनीही १०,०००च राहतात. दुसरे असे की, ते ३० लाख शाबूत राहतील असे गृहीत धरणाऱ्याला पोलिसाचे घर माहीत नाही. सेवानिवृत्तीनंतर शासकीय निवासस्थान सोडावे लागते, तोपर्यंत स्वतःचे घर झालेले नसते किंवा झाले असले तरी त्याचे हप्ते उरलेले असतात. मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण बहुधा याच सुमारास येते. बेसा किंवा दाभा येथे दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला की तीस लाखांतले फारसे काही उरत नाही.

म्हणून माझे मत विचाराल तर, शिपाई-हवालदार या स्तरावर हमीची योजना अधिक योग्य ठरते. जुन्या पेन्शनइतकी ती चांगली आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. आणखी एक फरक घरी लक्षात घ्यावा. जुन्या निवृत्तिवेतनधारकांचे निवृत्तिवेतन वेतन आयोगानुसार नव्याने ठरते. सातव्या आयोगाच्या वेळी आधीच्या निवृत्तिवेतनाला २.५७ ने गुणले गेले होते. नव्या योजनांच्या घोषणांत महागाईवाढीचा उल्लेख आहे, आयोगानुसार अशा पुनर्निर्धारणाचा नाही. आठव्या आयोगाची चर्चा सुरू झाल्यापासून पोलीस मुख्यालयातल्या लिपिकांच्या टेबलाशी सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि तो अगदी रास्त आहे.

प्रश्न : मी पोलीस उपनिरीक्षक आहे. वय ४७, सेवा १९ वर्षे. मधुमेह आणि पाठदुखी आहे. रात्रपाळी आता झेपत नाही. वीस वर्षे झाली की स्वेच्छानिवृत्ती घ्यावी असा विचार आहे. आमच्या आधीच्या बॅचमधले कितीतरी जण अशा रीतीने बाहेर पडले. मला ते शक्य आहे का?

उत्तर : बाहेर पडणे शक्य आहे, परंतु आपल्या ज्येष्ठांना ते ज्या अटींवर शक्य होते, त्या अटींवर नाही. माझ्या मते पोलिसांच्या दृष्टीने सुधारित योजनांचा सर्वांत कच्चा दुवा हाच आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली आहे.

१९८२ च्या नियमांनुसार २० वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा झालेला कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊ शकत असे आणि त्याचे निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून सुरू होत असे. लेखनिकाच्या नोकरीत या तरतुदीचा उपयोग क्वचित होतो. पोलिसांत ती सुटकेची वाट होती. दीक्षाभूमीचा बंदोबस्त, मारबत, गणपती, अधिवेशन, निवडणुका आणि अधूनमधून गडचिरोली, अशी ज्याची वर्षे गेली, त्याचे शरीर पन्नाशीच्या आत थकलेले असते. महिला अंमलदारांसाठी आठ तासांच्या पाळीचा प्रयोग २०२१ मध्ये नागपुरातच सुरू झाला होता हे खरे, पण सणासुदीच्या बंदोबस्तात घड्याळ कोण पाहतो, हे आपण जाणताच.

राष्ट्रीय योजनेत वयोमानापूर्वी बाहेर पडणाऱ्याला जमा रकमेच्या किमान ८० टक्के वार्षिकीत गुंतवावे लागतात आणि हातात जास्तीत जास्त २० टक्के येतात. केंद्राच्या एकीकृत योजनेत पूर्ण हमीसाठी २५ वर्षे लागतात आणि स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी हमीची रक्कम त्या दिवसापासून सुरू होत नाही. नियत वयोमानाने जो दिवस निवृत्तीचा असता, त्या दिवसापासून ती मिळते. राज्यात हे वय ५८ आहे. तसे सूत्र आपल्याला लागू झाले, तर ४८ व्या वर्षी बाहेर पडलेल्या अधिकाऱ्याला दहा वर्षे निवृत्तिवेतनाविना काढावी लागतील. त्या काळात सेवेतल्या पोलिसाला मिळणारा कुटुंब आरोग्य योजनेचा आधारही हिशेबात धरता येत नाही. मधुमेह आणि पाठीच्या दुखण्याने बाहेर पडणाऱ्या माणसाला हे परवडेल का, याचा विचार आपण घरच्यांसह करावा.

दुसरा मार्ग आहे, तो पाहून ठेवा. राज्य शासनाने ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने राष्ट्रीय योजनेतल्या कर्मचाऱ्यांनाही रुग्णता निवृत्तिवेतनाचा लाभ १९८२ च्या नियमांप्रमाणे देऊ केला आहे. वैद्यकीय मंडळाने सेवेस कायमचे असमर्थ ठरवले तरच तो मिळतो. थकवा किंवा औषधाने आटोक्यात राहणारा मधुमेह त्यात बसत नाही. म्हणून राजीनामा देण्याची घाई अजिबात करू नये. आजारपण गंभीर असेल तर आधी वैद्यकीय मंडळापुढे जाण्याची प्रक्रिया करावी. तसे नसेल तर हलक्या स्वरूपाच्या कामासाठी अर्ज करून पुढची वर्षे काढणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. राजीनाम्याने हमी पूर्णपणे जाते.

प्रश्न : सेवेत असताना पोलिसाचा मृत्यू झाला, तर नव्या योजनेतल्या कुटुंबाला काहीच मिळत नाही, असे लोक सांगतात. माझा भाऊ गडचिरोलीत नेमणुकीस आहे.

उत्तर : हे पूर्वी बऱ्याच अंशी खरे होते, आता नाही. वरच्या उत्तरात ज्या ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाचा उल्लेख केला, त्यानेच सेवेत मृत्यू झालेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला १९८२ च्या नियमांप्रमाणे कुटुंबनिवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान देण्याची तरतूद केली. निर्णयाची तारीख पाहिली तर तो संप मिटल्यानंतर अकरा दिवसांनी निघालेला आहे. संपात नसलेल्या पोलिसांना त्या संपातून मिळालेली ही सर्वांत मोठी गोष्ट म्हणावी लागेल. आपल्या भावाने करण्यासारखे काम एवढेच की, सेवापुस्तकातले नामनिर्देशन अद्ययावत ठेवावे. अविवाहित असताना आईचे नाव लिहिलेले आणि लग्नानंतर बदललेले नाही, अशी प्रकरणे नको तितकी पाहिली आहेत आणि त्यात सासू-सुनेत जो वाद होतो, तो शासन निर्णयाने मिटत नाही.

प्रश्न : मी २०१९ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो. जुन्या पेन्शनवर माझे घर व्यवस्थित चालते. नवी पोरे म्हणतात, ‘काका, तुम्ही नशीबवान’. शासनाला जुनी पेन्शन परवडत नाही हे खरे, की नुसती सबब?

उत्तर : दोन्हींत तथ्य आहे. रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासलेखात, सर्व राज्ये जुन्या योजनेकडे परतली तर त्यांच्यावरचा एकत्रित भार नव्या योजनेच्या तुलनेत साडेचार पटींपर्यंत जाऊ शकेल, असा अंदाज मांडला होता. हा भार आजच्या मंत्र्यांवर पडत नाही. तो पडेल तेव्हा आज भरती झालेला शिपाई निवृत्त होत असेल. म्हणूनच निवडणुकीच्या तोंडावर आश्वासन देणे सोपे जाते. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये परतीचा निर्णय घेतला खरा, परंतु कर्मचाऱ्यांच्या नावे आधीच जमा झालेली रक्कम राज्यांना परत करण्याची तरतूद कायद्यात नाही, अशी भूमिका केंद्राने घेतली. गोंदिया आणि गडचिरोलीच्या सीमेवर काम करणाऱ्या आपल्या पोलिसांना पलीकडच्या छत्तीसगडच्या शिपायाचा हेवा वाटतो, तेव्हा ही गुंतागुंत त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते.

तरीही ‘परवडत नाही’ हा युक्तिवाद पोलिसांना का पटत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, इतर कर्मचाऱ्यांना संपाचा, सुट्टीचा आणि संघटनेचा हक्क आहे. आमच्याकडून तो काढून घेताना शिस्तीचे कारण सांगितले जाते आणि पेन्शनच्या वेळी मात्र आम्हाला सर्वांच्या रांगेत उभे केले जाते. सैन्यदलांना २००४ च्या बदलातून वगळले गेले, हे ते आवर्जून सांगतात. या युक्तिवादात मला वजन दिसते. वेगळे निर्बंध घालायचे असतील तर वेगळी भरपाईही द्यायला हवी, आणि ती पूर्ण जुन्या पेन्शनच्या रूपात देणे शक्य नसेल, तर निदान लवकर निवृत्तीची अट पोलिसांपुरती शिथिल करणे हे राज्याच्या आवाक्यातले आहे.

प्रश्न : हिंगणा मार्गावरच्या केंद्रीय राखीव पोलीस दलात असलेल्या माझ्या मित्राला न्यायालयाने जुनी पेन्शन मंजूर केली असे ऐकले. तो निकाल राज्य पोलिसांना लागू होईल का?

उत्तर : नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय सशस्त्र पोलीस दले ही संघराज्याची सशस्त्र दले आहेत, म्हणून ती जुन्या पेन्शनला पात्र आहेत, असा निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. निकालाचा पायाच ‘संघराज्याची सशस्त्र दले’ हा असल्याने त्याच मार्गावर असलेल्या राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक ४ मधील जवानालाही त्याचा थेट उपयोग नाही.

प्रश्न : माझ्यावर विभागीय चौकशी सुरू आहे आणि निवृत्तीला तीन वर्षे आहेत. मी जुन्या योजनेत आहे. सहकारी म्हणतात, नव्या योजनेत असतास तर बरे झाले असते. यात अर्थ आहे का?

उत्तर : थोडा आहे. पोलिसांच्या नोकरीत चौकशी ही दुर्मिळ बाब नाही. आरोपी पळाला, मुद्देमालाची नोंद चुकली, बंदोबस्तावर उशीर झाला, एवढ्यावरूनही कागद तयार होतो. जुन्या योजनेत नियम २७ नुसार गंभीर गैरवर्तन किंवा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास शासन निवृत्तिवेतन पूर्ण किंवा अंशतः रोखू शकते आणि निवृत्तीच्या दिवशी चौकशी प्रलंबित असेल तर नियम १३० प्रमाणे तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते, उपदान मात्र अडकून पडते. राष्ट्रीय योजनेत कर्मचाऱ्याचा स्वतःचा हिस्सा त्याच्या नावावर असल्याने तो अशा रीतीने रोखता येत नाही. चौकशीच्या फेऱ्यातून गेलेल्या काही अधिकाऱ्यांना नवी योजना सुरक्षित वाटते, त्यामागे हेच कारण आहे, जरी ते उघडपणे कोणी सांगत नसले तरी. केंद्राच्या एकीकृत योजनेत पुन्हा उलटे आहे, कारण बडतर्फी किंवा सेवेतून काढून टाकण्याची शिक्षा झाल्यास हमी मिळत नाही.

आपल्यापुरते बोलायचे तर योजनेची तुलना करत बसण्यापेक्षा चौकशी निवृत्तीपूर्वी पूर्ण व्हावी यासाठी लेखी पाठपुरावा करावा आणि प्रत्येक अर्जाची बारनिशीची (आवक-जावक शाखेची) पोच स्वतःकडे ठेवावी.

प्रश्न : आमच्या भरतीची जाहिरात २००५ च्या उन्हाळ्यात आली होती, नियुक्ती मिळाली २००६ मध्ये. आम्ही जुन्यात की नव्यात?

उत्तर : २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने, ज्यांच्या पदांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, त्यांना जुनी योजना स्वीकारण्याचा एकवेळचा विकल्प सहा महिन्यांच्या मुदतीत देण्यात आला होता. विकल्प दिला असेल तर त्याची नोंद सेवापुस्तकात झाली आहे का, हे आजच पाहून घ्या. मूळ जाहिरातीची प्रत आपल्या घटक कार्यालयाच्या भरतीच्या नस्तीत असते आणि तारखेचा वाद आला तर तीच कामी येते.

प्रश्न : मी उमरेड येथे पोलीस भरतीची तयारी करत आहे. वय ३१, मागास प्रवर्ग. पेन्शनचा विचार करून ही नोकरी करावी का?

उत्तर : नोकरी करावी की नाही, हे पेन्शनवरून ठरवू नका, पण एक बेरीज मनात ठेवा. आरक्षित प्रवर्गाला भरतीची कमाल वयोमर्यादा ३३ आहे आणि निवृत्ती ५८ व्या वर्षी. शेवटच्या संधीला लागलेल्या उमेदवाराची सेवा जेमतेम २५ वर्षे भरते आणि केंद्राच्या सूत्रात पूर्ण हमीसाठी लागतात तीही २५ वर्षेच. पुढे कधी विनावेतन रजा किंवा गैरहजेरीचा काळ ‘सेवा नाही’ असा धरला गेला, तर तेवढ्याने हमी कमी होते. मी एका निवृत्त होणाऱ्या अंमलदाराचे सेवापुस्तक तपासले होते. त्यात पंधरा वर्षांपूर्वीच्या आजारपणातल्या चार महिन्यांपुढे रजेचा प्रकार लिहायची जागा कोरी होती. तेव्हाचा लिपिक बदलून गेला होता, दवाखान्याचे कागद घरात सापडत नव्हते आणि वेतन पडताळणी पथकाने तेवढ्यावरून प्रकरण परत पाठवले होते. विदर्भातली निवृत्तिवेतनाची प्रकरणे सिव्हिल लाइन्समधल्या महालेखापाल कार्यालयात जातात. त्यांच्याकडे पोहोचण्याआधीच अशी कितीतरी प्रकरणे अडतात.

निवड झाली तर प्रशिक्षण संपताच आपला प्रान क्रमांक (राष्ट्रीय योजनेतला कायमचा खाते क्रमांक) मिळाला की नाही ते पाहा आणि पहिल्या पगारापासून कपातीची रक्कम त्या खात्यात जमा होते का, हे दर तिमाहीला तपासा. आधीच्या बॅचेसचे अंशदान सुरुवातीची काही वर्षे राज्याच्याच हिशेबात राहिले, नंतर ते राष्ट्रीय योजनेकडे वर्ग झाले. राखीव बलातून जिल्ह्यात आणि जिल्ह्यातून शहरात बदलून आलेल्या काहींच्या त्या काळातल्या नोंदी अजून जुळलेल्या नाहीत. पगारपत्रकाच्या प्रती जपून ठेवलेल्यांचे पैसे लागले, बाकीचे आजही अर्ज करत आहेत.